घरच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल परत का येतो?

जिंतूर असो की सेलू, घरीच मेल सर्व्हर बसवला की महिन्याचे पैसे वाचतात. पण कोटेशनच गिऱ्हाइकापर्यंत पोचलं नाही, तर ऑर्डर दुसऱ्याला जाते.

कारण सोपं आहे. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी बहुधा बदलता असतो. असे पत्ते स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत असतात आणि तिथून थेट आलेला मेल बरेच सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. पोर्ट २५ तर अनेक इंटरनेट कंपन्या बंदच ठेवतात.

मग करायचं काय?

१. स्थिर आयपी घ्या आणि त्याचं रिव्हर्स डीएनएस सर्व्हरच्या नावाने कंपनीकडून करून घ्या. जमत नसेल तर रिले सेवेमार्फत, पोर्ट ५८७ वरून पाठवा.
२. डोमेनची एसपीएफ नोंद एकच ठेवा. रिले वापरत असाल तर तीही त्यात हवी.
३. डीकेआयएम सही चालू करा, मग डीमार्क.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं. रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला डीमार्कसह तिन्ही.

शेवटी स्वतःच्या जीमेलवर मेल टाका, ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं, की मगच गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवा.