कर, शुल्क आणि माघार

एखादे राज्य कर्ब-उत्सर्जनाच्या प्रादेशिक व्यापारातून बाहेर पडते, म्हणजे नेमके काय करते? प्रश्न अर्थशास्त्राचा वाटतो. त्याचा बराचसा भाग मात्र शब्दार्थाचा आहे.

अमेरिकेच्या ईशान्येकडील दहा राज्यांनी २००९ साली ‘प्रादेशिक हरितगृह वायू उपक्रम’ सुरू केला. प्रत्येक राज्याच्या वाट्यास मर्यादित परवाने येतात आणि मोठ्या वीजकेंद्रांना ते लिलावात विकत घ्यावे लागतात. ही मर्यादा केंद्रीय कायद्याने लादलेली नव्हे; राज्यांनी ती आपापल्या कायद्यांनी व नियमांनी स्वतःवर घालून घेतली. म्हणूनच दार आतून उघडता येते. ते कोणी उघडावे, हाच वाद होय.

न्यू जर्सीच्या राज्यपालांनी २०११ मध्ये माघार जाहीर केली. नियम रीतसर रद्द केले नाहीत, असा दोष अपील न्यायालयाने २०१४ मध्ये दाखविला. राज्य २०२० मध्ये परतले. पेनसिल्व्हेनियाचे प्रकरण भाषाभ्यासकास विशेष उद्बोधक आहे. तेथील प्रवेश विधिमंडळाच्या कायद्याने नव्हे, तर शासकीय नियमाने झाला होता. परवान्याचे मोल हे शुल्क नसून कर आहे आणि कर बसविण्याचा अधिकार विधिमंडळाचाच, असे न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले. २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबर राज्याने उपक्रम सोडला. आपली लोकभाषा हा भेद सहज पुसून टाकते: घरपट्टी उघड कर, पाणीपट्टी पुष्कळदा वापराचा मोबदला, पण दोन्ही ‘पट्टी’च!

व्हर्जिनियात याउलट घडले. तेथे २०२० चा कायदा होता. तरी २०२३ अखेर केवळ नियम रद्द करून राज्य बाहेर काढण्यात आले. विधिमंडळाने घातलेले बंधन मंडळास सोडविता येत नाही, असा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. लिलावाच्या उत्पन्नापैकी ४५ टक्के पूरनिवारणास राखून ठेवलेले होते. बेलवलीच्या रहिवाशास या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती.

महाराष्ट्रास अशी माघार घेता येईल काय? नाही; कारण तो सदस्यच नाही. भारताची २०२३ ची कर्ब-व्यापार योजना २०२२ च्या केंद्रीय दुरुस्ती कायद्यावर उभी असून तिचे बंधन थेट उद्योगांवर आहे. उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे किती उत्सर्जन व्हावे, हे ठरवून दिले जाते. त्याहून कमी करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळतात व तो ती विकू शकतो. त्यात लिलाव नाही. अर्थात उल्हासकाठच्या बांधबंदिस्तीसाठी त्यातून राज्याच्या हाती काही पडेल, अशी सोयही नाही.