छुपा कॅमेरा आणि कायदा : शोधपत्रकारितेची सीमा न्यायालयांनी कशी आखली?

नवी दिल्ली : लाच घेणारा लोकप्रतिनिधी किंवा साक्षीदार फोडू पाहणारा वकील छुप्या कॅमेऱ्यात टिपला जातो, तेव्हा दूरचित्रवाणीवरील शोधपत्रकारिता लोकशाहीची पहारेकरी ठरते. परंतु तेच तंत्र वापरून रचलेले खोटे वृत्त निरपराध व्यक्तीचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते. देशाने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत. ‘स्टिंग ऑपरेशन’साठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे त्याची वैधता राज्यघटनेतील तरतुदी, फौजदारी कायदे आणि गेल्या दोन दशकांतील न्यायनिर्णय यांच्या आधारेच ठरते.

पत्रकारच आरोपी झाले तेव्हा

छुप्या चित्रीकरणाची ताकद देशाला प्रथम मोठ्या प्रमाणावर जाणवली ती मार्च २००१ मध्ये. ‘तहलका’च्या पत्रकारांनी काल्पनिक शस्त्रास्त्र कंपनीचे प्रतिनिधी असल्याचे भासवून संरक्षण खरेदीतील दलालीचे चित्रीकरण केले. भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण हे रोख रक्कम स्वीकारताना त्यात दिसले व त्यांना पद सोडावे लागले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविण्यास मात्र एप्रिल २०१२ उजाडला. त्यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

१२ डिसेंबर २००५ रोजी ‘आज तक’ वाहिनीवर ‘कोब्रापोस्ट’ने केलेले ‘ऑपरेशन दुर्योधन’ प्रसारित झाले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदार पैसे स्वीकारत असल्याचे त्यात दिसत होते. अवघ्या अकरा दिवसांत, २३ डिसेंबरला, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १ अशा एकूण ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने जानेवारी २००७ मध्ये ही कारवाई बहुमताने वैध ठरविली.

या प्रकरणाला अनपेक्षित कलाटणी पुढे मिळाली. लाच देऊ केल्याच्या कारणावरून पोलिसांनी पत्रकारांनाही आरोपी केले. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्याविरुद्धची कार्यवाही रद्द केली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. भ्रष्टाचार उघडकीस आणण्याचा प्रयत्न त्यांच्याशी सुसंगत आहे, असा निर्णयाचा आशय होता.

एका शिक्षिकेची बदनामी

छुप्या कॅमेऱ्याची दुसरी बाजू ३० ऑगस्ट २००७ रोजी समोर आली. दिल्लीतील एका शासकीय शाळेतील शिक्षिका विद्यार्थिनींना देहविक्रयास भाग पाडते, असे वृत्त ‘लाइव्ह इंडिया’ वाहिनीने प्रसारित केले. काही वेळातच शाळेबाहेर जमाव जमला आणि त्या शिक्षिकेला मारहाण झाली. त्यांना अटक झाली व नोकरीही गमवावी लागली. पोलीस तपासात मात्र हा प्रकार बनावट असल्याचे उघड झाले. चित्रफितीत विद्यार्थिनी म्हणून दाखविलेली तरुणी प्रत्यक्षात विद्यार्थिनी नव्हतीच.

केंद्र सरकारने या वाहिनीचे प्रसारण एक महिन्यासाठी बंद केले. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन १४ डिसेंबर २००७ च्या आदेशात काही मार्गदर्शक तत्त्वे सुचविली. एखाद्या व्यक्तीला प्रलोभन देऊन, तिने एरवी केला नसता असा गुन्हा तिच्याकडून करवून घेणे अयोग्य आहे, हे त्यांतील मध्यवर्ती सूत्र होते. आधीपासून घडत असलेले गैरकृत्य नोंदविणे वेगळे आणि सापळा रचून गैरकृत्य निर्माण करणे वेगळे, हा भेद तेव्हापासून या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे.

पूर्वपरवानगी हवी का?

त्याच वर्षी मे महिन्यात ‘एनडीटीव्ही’ने दिल्लीतील बीएमडब्ल्यू अपघात खटल्याबाबतचे छुपे चित्रीकरण दाखविले होते. १९९९ मध्ये सहा जणांचा बळी घेणाऱ्या या अपघाताच्या खटल्यात बचाव पक्षाचे वरिष्ठ वकील व विशेष सरकारी वकील हे दोघेही एका प्रमुख साक्षीदाराच्या संपर्कात असल्याचे त्यात दिसत होते. खटला सुरू असताना असे प्रसारण करण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यायला हवी होती, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २००९ रोजी फेटाळला. अशी अट म्हणजे प्रसिद्धीपूर्व नियंत्रण ठरेल, असे न्यायालयाचे मत होते. हे प्रसारण आरोपीच्या अपराधाविषयी नव्हते, तर खटल्याची दिशा बदलण्याच्या प्रयत्नाविषयी होते. म्हणून त्याला ‘माध्यमांनी चालविलेला खटला’ म्हणता येणार नाही, असेही स्पष्ट करण्यात आले.

तथापि, मूळ चित्रीकरणाच्या चिप उच्च न्यायालयाने ताब्यात न घेता वाहिनीकडेच राहू दिल्या, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. मूळ नोंद सुरक्षित नसेल, तर तिच्या सत्यतेवर कायम संशय राहू शकतो.

हेतू महत्त्वाचा

लोकहिताचा दावा केल्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री दिलीपसिंह जूदेव यांच्या २००३ मधील चित्रफितीशी संबंधित हे प्रकरण होते. लाच देणाऱ्याचा स्वतःचा लाभ होता की केवळ सत्य उघड करण्याचा उद्देश होता, हे पुराव्यांवरून खटल्यातच ठरेल, असे न्यायालयाने नमूद केले. परिणामी पत्रकाराला सरसकट संरक्षण नाही आणि सरसकट दोषही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणाला मूलभूत अधिकार मानल्यानंतर ही जबाबदारी अधिक वाढली आहे.

प्रसारण आणि पुरावा

पडद्यावर दिसलेले दृश्य न्यायालयात पुरावा ठरेलच, असे नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये याबाबतचा नियम स्पष्ट केला. मूळ उपकरण सादर केले जात नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तज्ज्ञाचे प्रमाणपत्रही अपेक्षित असून, नोंदीत फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी तिचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते.

प्रेक्षकाला दाद कुठे?

वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने स्वीकारलेल्या आचारसंहितेनुसार छुपे चित्रीकरण हा अखेरचा उपाय आहे. माहिती मिळविण्याचा अन्य मार्ग नसेल आणि व्यापक लोकहित साधले जाणार असेल, तेव्हाच त्याचा अवलंब करावा; लैंगिक प्रलोभन, अमली पदार्थ किंवा हिंसा यांचा आधार घेऊ नये, असे बंधन त्यात आहे. मात्र ही संहिता केवळ सदस्य वाहिन्यांना लागू होते.

जून २०२१ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत दुरुस्ती करून तक्रार निवारणाची त्रिस्तरीय रचना करण्यात आली. आक्षेप असल्यास प्रथम वाहिनीकडे तक्रार करावी लागते व वाहिनीने १५ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जाता येते. बदनामी झालेल्या व्यक्तीला न्यायालयाचा मार्ग याखेरीज खुला असतोच. परंतु प्रसारणाने काही मिनिटांत झालेली हानी भरून काढण्यास तो पुरा पडतोच, असे नाही. म्हणूनच प्रसारणापूर्वी वृत्तकक्षातच होणारी काटेकोर पडताळणी हे सर्वांत प्रभावी संरक्षण ठरते.