शस्त्रक्रिया पोटावर, बदल भुकेत

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरचं नाव वर्तमानपत्रात येतं ते ठरलेल्या कारणांनी. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार इथून जवळ, मलाजखंडची तांब्याची खाण जवळ, आणि बैगा-गोंड वस्त्यांमधल्या कुपोषणाच्या बातम्या तर नेहमीच्याच. अशा तालुक्याच्या संदर्भात लठ्ठपणाबद्दल लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इथे लठ्ठ आहेच कोण? बाजारपेठेतल्या गल्ल्यांवर, शाळांच्या स्टाफरूममध्ये, सरकारी कचेऱ्यांत बसणाऱ्या माणसांकडे नीट पाहिलं तर थोडं उत्तर मिळतं. पण सगळं उत्तर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते टेपने मोजावं लागतं, आणि ते का, हे पुण्यातल्या एका डॉक्टरांनी जगाला दाखवलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. या आकड्याप्रमाणे दोघंही सडपातळ. मग दोघांच्या शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता, शरीर मात्र वेगळंच सांगत होतं.

याचं मूळ याज्ञिकांना गर्भात सापडलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हडकुळी, त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात अन्न अपुरं पडलं की गर्भ काटकसर करतो, आणि त्या काटकसरीत स्नायूंचा बळी जातो, चरबी वाचते. पुढे हेच मूल मोठं होऊन बसून काम करू लागलं, दोन वेळच्या भाताबरोबर बिस्किटं, नमकीन आणि शीतपेयं आली, की ती चरबी पोटात साठते आणि मधुमेह तुलनेने कमी वयात दार ठोठावतो.

म्हणून कुपोषण आणि लठ्ठपणा यांना एकमेकांपासून दूरची दोन टोकं समजणं चूक आहे. एकाच घरात, एकाच माणसाच्या आयुष्यात ती दोन्ही येऊ शकतात. ज्या भागात कालपर्यंत आया उपाशी होत्या, त्या भागाने याची काळजी इतरांपेक्षा जास्त केली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. बारीक अंगाच्या, पण पोट सुटलेल्या स्त्रिया या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

कमरेचा घेर मोजायचा कसा, तेही सांगतो. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये शिंप्याचा टेप धरायचा. पोट आत ओढायचं नाही. श्वास सहज सोडायचा आणि तो संपताना आकडा वाचायचा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. यासाठी ना वीज लागते, ना डॉक्टर.

आता टेप आणि काटा दोन्ही ओरडून सांगतात अशा, खूप वजनाच्या माणसांकडे येऊ. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका जाड पोलिसाचं छायाचित्र ट्विटरवर टाकून बंदोबस्त ‘भारी’ असल्याची कोटी केली. मुंबई पोलिसांनी लगेच कळवलं की हा गणवेश आमचा नाही. तो पोलीस मध्य प्रदेशातला होता, नीमचचा. वजन सुमारे १८० किलो. आपलं वजन खाण्यामुळे नाही, जुन्या आजारपणानंतर वाढलं, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या सैफी रुग्णालयात त्याच्यावर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं वजन पुष्कळ उतरलं. देशभर हसं झालं म्हणून त्याला उपचार मिळाले, ही गोष्ट मला अजून टोचते. उपचारासाठी आधी अपमान व्हावा लागतो का?

आपल्याकडे लहानपणी ‘खात्यापित्या घरचं’ म्हणून गाल ओढतात, आणि तेच मूल तिशीत गेलं की ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणतात. अशा माणसाचा दिवस कसा जातो, हे घरच्यांनाही पुरतं माहीत नसतं. रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, झोप सतत मोडते, आणि दिवसा खुर्चीत डोळा लागला की आळशी म्हणून शिक्का बसतो. गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. मुलींची पाळी अनियमित होते. दवाखान्यातला रक्तदाबाचा नेहमीचा पट्टा जाड दंडाला अपुरा पडतो आणि रक्तदाब खरा असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. मोठा पट्टा बऱ्याच ठिकाणी ठेवलेलाच नसतो. छोट्या वजनकाट्याची मर्यादा ओलांडली की वजनाची नोंदच होत नाही. असे दोन-तीन अनुभव आले की माणूस दवाखान्याची पायरी चढणं सोडतो.

आणि ‘कमी खा, जास्त चाला’ हा सल्ला त्याने आयुष्यभर ऐकलेला असतो, बहुतेक वेळा पाळलेलाही असतो. तो का फसतो, हे गेल्या तीस वर्षांत विज्ञानाने उलगडलं. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात आणि शरीरात साठा किती आहे, हे मेंदूला कळवतात. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि भूक जागवतं. वजन घटलं की लेप्टिन कमी होतं, घ्रेलिन वाढतं. मेंदूचा समज होतो की दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कमी करतो.

अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांना केविन हॉल या संशोधकाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं वजन बऱ्याच अंशी परत आलं होतं, पण विश्रांतीच्या वेळचा ऊर्जेचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. म्हणजे सहा वर्षांनीही शरीर जुनं वजन विसरायला तयार नव्हतं. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं अन्याय आहे.

फार थोड्या लोकांत दोष थेट जनुकात असतो. फेब्रुवारी २०१७ मध्येच इजिप्तची इमान अहमद मुंबईत आणली गेली. वजन पाचशे किलोच्या आसपास, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाला तपासणीत लेप्टिनचा संदेश घेणाऱ्या ग्राहीच्या जनुकातच बिघाड सापडला. चरबीचा साठा डोंगराएवढा असूनही मेंदूला तो दिसतच नव्हता. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे तिला अबू धाबीला हलवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती गेली. अशा जनुकीय बिघाडावरचं सेटमेलानोटाइड हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २०२० मध्ये, तिच्यानंतर तीन वर्षांनी.

या सगळ्यात शस्त्रक्रिया काय करते? लोक म्हणतात, पोट कापलं, आता खाणार कुठून. ते अर्धंच खरं आहे. आज सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. घ्रेलिन तयार करणारा फुगीर भाग याच काढलेल्या तुकड्यात जातो, म्हणून जागेबरोबर भूकही कमी होते. दुसरी शस्त्रक्रिया बायपास. तिची सुरुवात १९६६ साली अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी केली. यात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोचतं आणि आतडं जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त सोडतं. ते इन्शुलिन वाढवतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं.

सर्जनांना पहिल्यांदा बुचकळ्यात टाकलं ते मधुमेहाने. वजन उतरायच्या आधीच, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत अनेकांची साखर खाली यायची. सर्जन वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये हे अनुभव मांडले, तेव्हापासून या शस्त्रक्रियेकडे मधुमेहाचा उपचार म्हणूनही पाहिलं जातं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे २०२० मधले निष्कर्ष सांगतात, की शस्त्रक्रिया केलेल्यांचं आयुर्मान तितक्याच लठ्ठ पण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी वाढलं. तरीही ते सर्वसामान्य लोकांपेक्षा कमीच राहिलं. आजार फार वर्षं मुरू देऊ नये, असाच अर्थ मी त्यातून काढतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस घरच्यांनी समजून घ्यायला हवेत. छोट्या कपातून घोट घोट: नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, ताक. एक कप संपायला बराच वेळ लागतो. मग हळूहळू घोटलेली खिचडी, मऊ अंडं, पनीर. चिन्नोर तांदळाच्या या जिल्ह्यात भात सोडणं अवघड. पण ताटात आधी प्रथिनं, मग भाजी आणि भात शेवटी, तोही दोन-तीन चमचे. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवण आणि पाणी यांत अर्धा तास. बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर घाम सुटतो, छाती धडधडते, भोवळ येते. पाहुण्यांकडे आग्रह करून वाढलेला गुलाबजाम अशा माणसाला खरोखर आजारी पाडू शकतो.

धोके आहेतच: टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायांत गुठळी, पुढे पित्ताशयातले खडे. अनुभवी हातांत मृत्यूचं प्रमाण कमी आहे, शून्य नाही. खरा प्रश्न मात्र नंतरच्या वर्षांचा. शरीराला लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पूर्वीसारखं मिळत नाही. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि रक्त ठरलेल्या अंतराने तपासावं लागतं. सतत उलट्या होत असतील तर थायामिनच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्या अंगावर काढायच्या नाहीत. बाईने निदान वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं.

बैहरचा माणूस शस्त्रक्रियेसाठी बालाघाट, गोंदियामार्गे नागपूर गाठेल; हा प्रवास दोनशे किलोमीटरच्या वर आहे. एकदा तो कुणीही करेल. दर काही महिन्यांनी, नोकरी-शेती सोडून, वर्षानुवर्षं करणं वेगळं. शस्त्रक्रियेआधी सर्जनला विचारा: माझ्या तपासण्या गावाजवळ कुठे होतील, अहवाल फोनवर पाहाल का, रात्री-अपरात्री पोट दुखलं तर कुणाला गाठू? याचं धड उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पैसे भरू नका.

पैशांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार वैद्यकीय सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया विमा कंपनीला लठ्ठपणाच्या नावाखाली सरसकट नाकारता येत नाही. पण वय निदान १८ आणि बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारासह ३५ हवा. दुसरीकडे, २०२२ साली शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आशियाई लोकांना २७.५ पासूनच शस्त्रक्रिया देऊ करावी असं सुचवलं. सडपातळ दिसूनही चरबी बाळगणाऱ्या आपल्या देशात विम्याची अट पाश्चात्त्य देहांच्या मापाची राहावी, हे मला पटत नाही. शस्त्रक्रियेशिवाय औषधांचाही मार्ग आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं वजनासाठी २०२५ मध्ये भारतात आली. ती परिणामकारक आहेत, मात्र थांबवली की वजन बहुधा परततं. ती डॉक्टरांशिवाय दुकानातून आणून टोचून घेऊ नयेत.

बैहरच्या आरोग्य केंद्रांना माझी मागणी छोटी आहे: प्रत्येक तपासणी टेबलावर एक टेप, एक मोठा रक्तदाबाचा पट्टा, दीडशे किलोच्या पुढे वजन दाखवणारा काटा, आणि बी-१२ व लोहाच्या तपासणीची सोय. घरच्यांनो, तुमच्या घरात अशी व्यक्ती असेल तर तिच्या ताटात काय आहे हे विचारण्याआधी तिची रात्री झोप होते का, ते विचारा. आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तर तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.