क्रेन रिकामी उभी असली तरी

11 सप्टेंबर 2015, शुक्रवार. हज तोंडावर आलेला. मक्केत सायंकाळी वादळी वारे सुटले आणि हरम शरीफच्या विस्तारकामावरील अजस्र क्रेन मशिदीवर कोसळली. शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत भारतीय यात्रेकरूही होते.

त्या वेळी क्रेन काम करीत नव्हती. काम नसताना तिचा लांब हात खाली उतरवून ठेवावा, अशी क्रेन बनविणाऱ्यांची ताकीद होती. तो उभाच ठेवला होता, असे चौकशीत आढळले. उंच हाताला वारा धरला की रिकामी क्रेनही उलटते.

आपणही गोदाम बांधताना तासाच्या भाड्याने क्रेन आणतो. कापड घेताना ताग्याचा पन्हा मोजून घेणारे आपण, क्रेनचे फक्त भाडे विचारतो! यापुढे तपासणीचा दाखला मागावा. हात किती लांबवल्यावर किती वजन पेलते, तो तक्ता पाहावा. खालची जमीन पक्की आहे ना, हे बघावे. वारा वाढताच काम थांबवावे. लटकत्या ओझ्याखाली कुणालाही उभे राहू देऊ नये.

तासाभराचे भाडे वाचेल, पण एखाद्या घरचा कमावता माणूस गेला तर तो घाटा कुठल्या वहीत मांडणार?