पोच मिळाली, पुढे रवाना

बिनतारी यंत्राचा हौशी उपासक म्हणजे रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी हवापाण्याच्या गप्पा छाटणारा एक निरुपद्रवी, काहीसा विक्षिप्त गृहस्थ, अशी जी समजूत सर्वसामान्यांत आढळते, ती सर्वस्वी खोटी नसली तरी फार अपुरी आहे; कारण याच ‘हॅम’ मंडळींपैकी काहींनी, वर कुणा वरिष्ठाचा हुकूम नाही आणि महिनाअखेर कुणाचा पगार नाही अशा स्थितीत, केवळ पदरमोड करून, संगणकांना रेडिओवरून परस्परांशी बोलते करणारी प्रादेशिक जाळी विणली, ती विरलेली पाहिली आणि कित्येक वर्षांनी पुन्हा विणावयास घेतली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॅले शहराच्या आसपास, ‘टार्पन’ नावाने ओळखले जाणारे जे जाळे आज चालू आहे, ते अशाच दुसऱ्या विणकामाचे फळ होय.

या विद्येला ‘पॅकेट रेडिओ’ म्हणतात, आणि पॅकेट म्हणजे आपले साधे पुडके. मजकुराचे लहान लहान तुकडे करावयाचे, बहुधा २५६ बाइटांहून मोठा नाही असे. प्रत्येकाच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे सरकारदत्त संकेतनाम लिहावयाचे. आणि शेपटीला गणिताने काढलेला एक पडताळा-अंक जोडावयाचा, की जो पलीकडच्या यंत्राने स्वतः काढून जुळवून पाहावा. अंक जुळला तर पोच रवाना होते. न जुळला तर ते पुडके बेदखल होते, आणि पोचेची वाट पाहून कंटाळलेले मूळ यंत्र तेच पुन्हा पाठविते. हे सारे ज्या पेटीत घडते तिला टीएनसी म्हणतात. ती शून्य आणि एक यांचे रूपांतर १२०० व २२०० कंपनांच्या दोन स्वरांत करते, ते स्वर सामान्य रेडिओ बोलण्यासारखेच वाहून नेतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र कुणी तरी पत्रा खरवडतो आहे असे वाटते. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे दीडशे बाइट. देवनागरीच्या एकेका चिन्हाला संगणकात तीन बाइट लागत असल्यामुळे मराठी लेखकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम पन्नास चिन्हे येतात, आणि प्रस्तुत लेख या वाटेने पाठवावयाचा तर दोन-अडीच मिनिटे तरी मोडतील. ज्यांना हसावयाचे असेल त्यांनी खुशाल हसावे. वाचावयास त्याहून अधिक वेळ लागतो.

या कल्पनेचे मूळ हवाई विद्यापीठात सापडते. तेथे नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरील संगणक रेडिओने जोडले. हौशी मंडळींत पहिला मान कॅनडातील मॉन्ट्रियलकरांचा, सन १९७८; त्यांच्यामागून व्हँकुव्हरच्या मंडळाने टीएनसीची पेटी सिद्ध केली. अमेरिकी सरकारचा परवाना १९८० साली मिळाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ, आलेले पुडके जसेच्या तसे पुढे उच्चारणारे पहिले पुनरुच्चारक केंद्र चालू केले. टूसॉन येथील ‘टॅपर’ संस्थेने घरी जुळविता येतील असे संच देशभर पोहोचविले; १९८४ मध्ये ‘एएक्स-२५’ या नावाची नियमावली सर्वमान्य झाली. पुढची काही वर्षे या छंदाला असा बहर आला की गावोगावच्या संगणकीय टपालपेट्या रात्रभर एकमेकींना पत्रे देत-घेत राहिल्या.

हा बहर ओसरला तो इंटरनेटमुळे, असे सरधोपट उत्तर सहसा दिले जाते. मला ते अर्धेच पटते. जाळ्याच्या रचनेतच एक खोट होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय टार्पनकरांनी काय केले याचा उलगडा व्हावयाचा नाही.

खोट अशी की सारा मुलूख एकाच कंपनसंख्येवर बोलत असे. समजा, डोंगरावर एक केंद्र आहे, पूर्वेच्या पायथ्याला एक गृहस्थ व पश्चिमेच्या पायथ्याला दुसरा. केंद्राला दोघेही ऐकू येतात. परंतु मध्ये डोंगर असल्याने त्या दोघांना परस्परांचा पत्ता नाही. सभ्य यंत्राप्रमाणे प्रत्येक जण आधी कानोसा घेतो, शांतता आहे असे समजून बोलू लागतो, आणि केंद्रापाशी दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळून दोन्ही पुडकी वाया जातात. मग दोघेही पुन्हा पाठवितात, गर्दी आणखी वाढते, आणि ऐन संध्याकाळी, जेव्हा सर्वांना बोलावयाचे असते, तेव्हाच जाळे मुके होते. त्यात जुनी पुनरुच्चारक केंद्रे स्वतः पोच देत नसत. पोच यावयाची ती थेट शेवटच्या मुक्कामाहून. दर मुक्कामी शंभरांतली ऐंशी पुडकी सुखरूप जातात असे धरले, तरी चार मुक्काम ओलांडीपर्यंत एक्केचाळीसच उरतात, आणि त्यांच्या पोचा त्याच वाटेने परतल्या की हाती जेमतेम सतरा लागतात. १९८७ साली आलेल्या ‘नेट/रॉम’ने दर मुक्कामाला आपापली पोच देण्याची चाल पाडली आणि हा दुसरा दोष बराचसा निवारला. पहिल्या दोषावर फिल कार्न यांनी १९९० मध्ये तोड सुचविली: आधी लहानशी पृच्छा करावी, पलीकडून ‘बोला’ अशी अनुज्ञा यावी, आणि ती अनुज्ञा ज्यांच्या कानी पडेल त्या इतरांनी तेवढा वेळ गप्प बसावे. या विचाराचा अंश आज घरोघरच्या वायफायमध्ये वावरतो आहे. ज्या हौशांसाठी तो सुचला त्यांच्या चव्हाट्यावरचा कोलाहल मात्र तसाच राहिला.

टार्पनने चव्हाटाच मोडीत काढला. त्यांची रीत अशी की प्रत्येक दुवा फक्त दोन घरांमधला असावा; त्या दुव्याला स्वतंत्र कंपनसंख्या, दोन्ही टोकांना त्याच्यापुरताच राखलेला रेडिओ आणि त्याच्यापुरताच अँटेना असावा; त्या कंपनसंख्येवर तिसऱ्या कुणी बोलू नये. ज्या घराला तीन शेजारी जोडावयाचे त्या घरी तीन रेडिओ. मराठेशाहीतल्या डाकचौकीवर जासूद थैली पुढच्याच्या हाती देई, तसेच येथे प्रत्येक घर पुडके घेते, पोच देते, मग पुढच्या दुव्यावर रवाना करते; सुखरूपतेची जबाबदारी टप्प्याटप्प्यापुरती वाटलेली. खर्च वाढतो हे उघडच आहे. पण वेग मोजून पाहणाऱ्याला हेही दिसते की एकट्याच्या ताब्यातला मंद दुवा दहा जणांच्या झोंबाझोंबीतल्या वेगवान दुव्याहून अधिक पत्रे पोहोचवितो.

सामग्री साधीच आहे: मोटारीत बसविण्याजोगे रेडिओ, मार्गनिर्णयाचे काम करणारा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणक, आणि ‘निनोटीएनसी’चा संच, ज्याचे सुटे भाग स्वतः डाग देऊन जोडावे लागतात. खरी झुंज त्यापलीकडे आहे. त्या प्रांतात पाइन वृक्षांची दाटी आहे, आणि त्यांचे सुयांसारखे पर्ण उच्च कंपनांच्या लहरी शोषून घेते. एकाच छपरावरचे दोन रेडिओ एकाच पट्ट्यात असले तर एक बोलू लागताच दुसरा बहिरा होतो, म्हणून दुव्यांची वाटणी निरनिराळ्या पट्ट्यांत करावी लागते. आणि पुष्कळ वसाहतींचे अंतर्गत नियम छपरावर अँटेना उभारूच देत नाहीत. तेव्हा तो झाडांत दडवावा लागतो किंवा माळ्यावर आडवा निजवावा लागतो.

मजकुरावर आणखी एक बंधन आहे. हौशी परवान्याखाली अर्थ लपविणारी सांकेतिक भाषा वर्ज्य, धंद्याचा व्यवहारही वर्ज्य. म्हणजे या टपालात पाकिटे नाहीत, सारी पोस्टकार्डेच. त्यामुळे बोलणे बहुधा जाळ्याविषयीच चालते: कुणाचा दुवा मंदावला, कुणाची तार गंजली. वादळात तारा तुटल्या तरी हे चालेल, असे समर्थन केले जाते, आणि विजेची तजवीज असेल तर ते खरेही आहे. परंतु मला वाटते की वादळ हे निमित्त आहे, आणि ही माणसे निमित्त नसते तरी हेच करती. इंटरनेटचे पत्ते त्यांना अपरिचित होते असेही नव्हे. १९८१ पासून पॅकेट रेडिओसाठी सुमारे १ कोटी ६७ लक्ष पत्ते राखून ठेवलेले होते. त्यांतला चौथा हिस्सा २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने विकत घेतला आणि तो पैसा हौशी संशोधनाच्या अनुदानांना लागला. टार्पनच्या दुव्यांना मात्र इंटरनेटचा टेकू मुद्दामच दिलेला नाही; दोन गावांमध्ये घर सापडत नसेल तर ते सापडेपर्यंत ती गावे तुटलेलीच राहतात.

आणि घर सापडणे हेच काम दीर्घसूत्री. नकाशावर उंचवटा दिसतो, परवानाधारकांच्या सरकारी यादीत तेथे एक संकेतनाम आढळते. पण त्या माणसाला पॅकेट ठाऊक असेल, पत्नीची ना नसेल, यंत्र रात्रंदिवस चालू ठेवण्याची तयारी असेल, याची हमी कोण देणार? पत्र लिहावे, मंडळाच्या सभेला बोलवावे, एका शनिवारी शिडी घेऊन जावे, अँटेना फिरवीत बसावे. इतके करून दुवा जुळतो, वर्ष-दोन वर्षे बिनबोभाट चालतो, आणि एके दिवशी त्या गृहस्थाची बदली होते. घर विकले जाते, खांब उतरतो, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या यंत्रांत पोचेविना पडून राहिलेली पुडकी पुनःपुन्हा रवाना होत राहतात, आणि कुणी तरी पुन्हा नकाशा उघडून त्या टेकडीच्या आसपास दुसरे संकेतनाम शोधू लागतो.