वसंतातील परसबाग : इस्लापूर परिसरातील पाण्याचा हिशेब

प्रस्तावना

बागकामावरील बहुतेक पुस्तकांत वसंत हा पेरणीचा आणि नवारंभाचा ऋतू मानलेला आढळतो. थंड प्रदेशात बर्फ वितळते, माती ऊब धरते आणि बाग जागी होते. तेथील बागवानाने वसंतात बी टाकावे हे स्वाभाविकच आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखाला वसंत म्हणण्याची परंपरा असली तरी मराठवाड्यातील परसबागेच्या दृष्टीने हे दोन महिने आरंभाचे नसून आवराआवरीचे होत. या काळात काय लावावे, यापेक्षा काय राखावे आणि काय सोडून द्यावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसर समोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इस्लापूर : भूमी आणि ऋतुमान

इस्लापूरच्या जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. (याच नदीवरील, वरच्या अंगाचे इसापूर धरण वेगळे, नावांच्या सारखेपणामुळे दोहोंची गल्लत होते.) पावसाळ्यात काळ्या खडकावरून गर्जत कोसळणारा हा प्रवाह उन्हाळ्यात आटतो आणि नुसता खडक उघडा पडतो. परिसरातील जमिनीही दोन तऱ्हेच्या आहेत. नदीकाठी व सखल भागात भारी काळी माती, तर सागाच्या जंगलाकडे चढत जाणाऱ्या भागात उथळ, मुरमाड जमीन. काळी माती पाणी पुष्कळ धरते, परंतु सुकताना आकसून तिला भेगा पडतात आणि मग दिलेले पाणी मुळांना न मिळता भेगांतून खाली निघून जाते. मुरमाड जमिनीला भेगा पडत नाहीत, मात्र तिच्यात पाणीही टिकत नाही. त्यामुळे पहिल्या जमिनीत वरचा थर खुरपून भेगा बुजवीत राहणे आणि दुसऱ्या जमिनीत थोडे थोडे पण वारंवार पाणी देणे, अशा दोन भिन्न रीती एकाच गावात आवश्यक ठरतात. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे शेतकऱ्यांचे म्हणणे काळ्या मातीच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

पाण्याचा हिशेब

परसबागेच्या चर्चेत जागा, बियाणे आणि खत यांविषयी बरेच लिहिले जाते. पाण्याचा आकडा मात्र क्वचितच मांडला जातो. वास्तविक तो मांडणे कठीण नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भर उन्हाळ्यात पानांनी झाकलेला भाजीचा वाफा दिवसाला सुमारे सात मिलिमीटर पाणी घेतो असे धरल्यास, एका गुंठ्याला, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरला, रोज सातशे लिटर पाणी लागेल. पंधरा लिटरची घागर धरली तर या सत्तेचाळीस घागरी होतात. त्या कोणाच्या डोक्यावरून येणार, हे सांगावयास नको. ‘घरच्या घरी, बिनखर्चाची भाजी’ असे म्हणताना स्त्रीच्या या श्रमाची किंमत शून्य धरली जाते, ही परसबागेच्या प्रचारातील मोठी उणीव आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. ते पूर्णपणे मिळते असे गृहीत धरले तर पाच माणसांच्या घराला २७५ लिटर पाणी मिळेल. त्यातील आंघोळीचे व भांड्यांचे मिळून दीडशे लिटर सांडपाणी बागेकडे वळविता आले, तर वरील हिशेबाने सुमारे एकवीस चौरस मीटर बाग जगेल. म्हणजे पावसाळ्यात गुंठाभर पसरलेली परसबाग चैत्रात पंचमांशावर आणावी लागते. हे अपयश नव्हे. उलट जे कुटुंब फाल्गुनातच ठरवून बाग आखडते घेते, त्याची बाग वैशाखात हिरवी राहते. जे सारेच जगविण्याचा प्रयत्न करते, त्याचे सारेच अर्धमेले होते.

काय राखावे

येथे निवडीची कसोटी पोषणाची असावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. हिवाळ्यातील मेथी, पालक, कोथिंबीर या पालेभाज्या फाल्गुनातील उन्हाने फुलोऱ्यावर येऊन संपतात आणि नेमक्या याच काळात ताटातील हिरवा भाग नाहीसा होतो. टोमॅटोचा मोह तर या दिवसांत आवरलेलाच बरा. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात व फुले गळतात. झाड हिरवेगार दिसते, पाणी पिते आणि फळ देत नाही.

याउलट शेवगा या ऋतूत घराचा आधार होतो. खोल मुळांमुळे त्याला पाणी कमी लागते. शेंगा संपत आल्या की कोवळी पाने भाजीला येतात, आणि ही पाने लोह व कॅल्शियम यांनी समृद्ध आहेत. त्याच्या जोडीला कागदी लिंबाचे एक झाड असावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात हाती येतात. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबातील क जीवनसत्त्व साहाय्य करते, म्हणून ही जोडी केवळ चवीची नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाच्या ‘प्रमालिनी’ व ‘विक्रम’ या जाती दिल्या आहेत. याच विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून १९८० च्या दशकात नावारूपाला आली. पुढे तिची ही प्रतिकारशक्ती क्षीण झाली, तरी सरळ वाण असल्याने तिचे बी घरी धरता येते, ही गोष्ट परसबागेसाठी मोलाची आहे.

उरलेल्या वाफ्यांत तांदुळजा, राजगिरा, घोळ यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या पालेभाज्या घ्याव्यात. दोडका, कारले यांचे वेल जानेवारी-फेब्रुवारीतच लावून तुराट्यांच्या मांडवावर चढविलेले असले, तर त्यांच्या सावलीत पालेभाजी टिकते. मांडव उशिरा झाल्यास पळसाच्या डहाळ्या टाकून काम भागते. सागाची गळालेली मोठी पाने इस्लापुरात मुबलक मिळतात. ती सावकाश कुजतात म्हणून खतासाठी फारशी उपयोगी नाहीत, परंतु त्याच कारणाने आच्छादनासाठी उत्तम आहेत.

सांडपाण्याची मर्यादा

सांडपाणी सरसकट वापरणे योग्य नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतून सोडियम येते आणि काळ्या मातीत ते साचले की मातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही व जमीन चोपण होते. म्हणून धुण्याचे पाणी वेगळे काढावे. मोरीच्या पाण्यावर केळी व अळू चांगले येतात. पपईला मात्र साचलेले पाणी चालत नाही, तिचे खोड बुंध्याशी कुजते. तिला उंचवट्यावर जागा द्यावी. कच्ची खाल्ली जाणारी पाने व कंद यांना हे पाणी देऊ नये.

मोजक्या झाडांसाठी मडक्याने पाणी देण्याची पद्धत उपयुक्त आहे. झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की माती जेवढी कोरडी, तेवढे पाणी पाझरते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. घरातील जुना माठ यासाठी पुरण्याचा मोह होतो, पण वापरून त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. तशा माठाच्या बुडाला बारीक भोक पाडून सुती वात बसवावी लागते.

रान, बी आणि खड्डे

परसबागेचा विचार रानापासून तोडून करता येत नाही. किनवट तालुक्यातील आंध, गोंड, कोलाम व बंजारा कुटुंबांसाठी हाच काळ मोहफुले वेचण्याचा, पुढे चारोळीचा आणि तेंदूपानांचा असतो. पहाटे रानात गेलेली स्त्री दुपारी परतते. तिच्याकडून सकाळ-संध्याकाळ वाफे भिजविण्याची अपेक्षा करणारी योजना कागदावरच राहील. अलीकडे ‘उमेद’ अभियानातून आणि शाळांमधून पोषण परसबागांना चालना मिळाली, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि अशा बागांची पाहणी पावसाळ्यात न करता वैशाखात केली, तर तिचे निष्कर्ष अधिक बोलके ठरतील.

पाणी तोडलेल्या वाफ्यांतही काम असतेच. वाल, दोडका, भोपळा यांची निवडक फळे वेलावरच वाळू द्यावीत. पहिल्या बहारातील, निरोगी वेलावरचे फळ बियाण्यासाठी राखावे. भाजीला न निघालेले जून फळ बियाण्यासाठी ठेवणे ही चुकीची सवय आहे, कारण त्यातून उशिरा व कमी फळणारा वंश पुढे जातो. बी सावलीत सुकवून राखेत मिसळावे आणि गाडग्यात तोंड बांधून ठेवावे. रिकाम्या वाफ्यांची माती उलथून उन्हात तापू दिली की किडींचे कोष व तणांचे कंद बऱ्याच अंशी नष्ट होतात.

फळझाडांचे खड्डेही याच दिवसांत खणावेत. महाराष्ट्राच्या अनेक भागांत अक्षय्य तृतीयेला आळी घालण्याची प्रथा आहे, तिच्यामागे हेच शेतीचे वेळापत्रक दिसते. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून वरची माती एका बाजूस व खालचा मुरूम दुसऱ्या बाजूस टाकावा. खड्डा पंधरा-वीस दिवस तापला की तळाशी पालापाचोळा, त्यावर शेणखत मिसळलेली वरची माती भरावी आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी; पहिल्या पावसाने ती खाली बसते. रोप त्यानंतर लावावे.