मानमोडीचा ताप व घरची शुश्रूषा

ज्या दुखण्यास आज आपण फ्ल्यू म्हणतो, त्याची सन १९१८ ची साथ महाराष्ट्रात ‘मानमोडी’ ह्या नावाने ओळखली गेली. त्या वर्षीच्या जून महिन्यात ती मुंबई बंदरात शिरली आणि आगगाडीच्या वाटेने देशभर पसरली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची दुसरी व अधिक भयंकर लाट आली. त्याच वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे आमच्या नगर जिल्ह्यात अन्नाचा तुटवडा होता. सन १९११ च्या खानेसुमारीपेक्षा १९२१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली. त्या साथीत दगावलेल्यांपैकी बहुतेक केवळ पहिल्या तापाने नव्हे, तर मागाहून फुप्फुसांस जडलेल्या न्युमोनियाने गेले, असे संशोधकांचे मत आहे. म्हणून रोग ओळखणे जितके अगत्याचे, तितकेच ताप उतरू लागल्यावरही रोग्याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे होय.

साधे पडसे हळूहळू येते. नाक वाहते, पण मनुष्य हिंडता-फिरता असतो. फ्ल्यू एकाएकी गाठतो. सकाळी खेळणारे मूल सायंकाळी थंडी वाजून अंथरूण धरते. जोराचा ताप, डोकेदुखी, सर्वांगात ठणका, कोरडा खोकला व अत्यंत थकवा ही त्याची लक्षणे होत. ताप बहुधा तीन-चार दिवस राहतो. खोकला व अशक्तता दोन आठवडेही रेंगाळतात. पावसाळ्यात डेंग्यू व हिवताप हेही असेच सुरू होतात. म्हणून ताप हटेना तर रक्त तपासून घ्यावे.

रोग्यास निराळ्या अंथरुणावर, हवेशीर जागी निजवावे. दारे-खिडक्या लावून त्यास घोंगड्यांत गुंडाळण्याची चाल अहितकारक आहे. तापात लंघन घडवून पाणी तोडणे तर फारच वाईट. भाताची पेज, वरणाचे पाणी, लिंबाचे सरबत, असे काही ना काही थोडे थोडे वारंवार पाजावे. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वयावजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. मुलांस ॲस्पिरिन कदापि देऊ नये. त्याने यकृतास व मेंदूस गंभीर इजा होण्याचा संभव असतो. हा रोग विषाणूंचा असल्यामुळे त्यावर अँटिबायोटिक गोळ्या चालत नाहीत. त्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत.

पुढील चिन्हे दिसताच घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठावा: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, रोगी गुंगीत जाणे किंवा बरळणे, मुलाने पिणे सोडणे वा लघवी फार कमी होणे. ताप उतरून पुन्हा चढला व खोकला वाढला, तर ती न्युमोनियाची सूचना समजावी. वस्ती दूर असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गरोदर स्त्रिया, वृद्ध, पाच वर्षांखालील बालके आणि मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेले, ह्यांनी चिन्हांची वाट न पाहता पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांस दाखवावे. विषाणूंवरील औषध तेव्हाच अधिक गुणकारी ठरते. दरवर्षी टोचून घेण्याची लसही आहे; तिजविषयी डॉक्टरांस विचारावे.

आता विद्यार्थ्यांस दोन शब्द. हा रोग खोकल्याच्या व शिंकेच्या तुषारांतून पसरतो, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगी तो इतरांस देऊ लागतो. म्हणून रुमालात किंवा कोपरात शिंकावे, हात साबणाने धुवावे, आणि औषधावाचून ताप गेल्यावर निदान एक पूर्ण दिवस उलटल्याशिवाय शाळेत येऊ नये. पूर्ण हजेरीच्या बक्षिसाच्या लोभाने तापात वर्गात बसणारा मुलगा उद्योगी दिसतो खरा. परंतु त्याच्या शेजाऱ्याच्या घरी एखादी दम्याने जर्जर झालेली आजी असेल, तर त्या बक्षिसाची किंमत तिला द्यावी लागेल. अशा वेळी घरी स्वस्थ पडून राहणे हा आळस नव्हे. ती शेजारधर्माची सेवाच आहे, असे आम्ही समजतो.